शेजाऱ्याला तीन आठवड्यांत, आम्हाला चार वर्षांनी: सेंटरलिंकचा हिशेब चालतो तरी कसा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्याहून 190 व्हिसावर (पॉइंट मोजून कुशल कामगारांना मिळणारा कायमचा व्हिसा) मेलबर्नला येऊन तुम्हाला अकरा महिने झाले. नवऱ्याची नोकरी गेली, आणि सरकारी भत्ते देणाऱ्या सेंटरलिंकने सांगितलं की जॉबसीकरसाठी, म्हणजे बेकारी भत्त्यासाठी, चार वर्षं थांबा. शेजारचे गृहस्थ अफगाणिस्तानातल्या हजारा या अल्पसंख्य समाजाचे, 2012 मध्ये आश्रय मागायला बोटीने आलेले. त्यांना कायमचा व्हिसा मिळाला, त्यांनी अर्ज केला आणि तीन आठवड्यांत पैसे सुरू झाले. आता तेच गृहस्थ सेंटरलिंकचे आणि बायकोला आणण्याचे कागद घेऊन तुमच्याकडे येतात, कारण तुमचं इंग्रजी चांगलं. म्हणून तुम्ही विचारताय: आम्ही रीतसर पॉइंट मोजून आलो, टॅक्स भरला, मग हा न्याय कुठला? आणि त्यांना मदत केली तर आमच्या अंगाशी येईल का?

मी सोळा वर्षं मेलबर्नच्या आग्नेय भागात, डँडेनाँगच्या आसपास, निर्वासितांना इथे बस्तान बसवायला मदत करण्याचं काम करते. पहिला प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं, बहुतेकदा आपलंच माणूस, गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत. दुसरा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून तुमचं कौतुक वाटलं.

आधी एक सांगते. सेंटरलिंकच्या खिडकीवर माणसाची कहाणी कुणी ऐकत नाही. तिथे तीन गोष्टी बघतात: व्हिसाचा सबक्लास नंबर (म्हणजे व्हिसाचा प्रकार), तो मंजूर झाल्याची तारीख आणि त्या दिवशी घरात व बँकेत काय होतं ते. त्यामुळे खाली जे लिहितेय ते तुमच्या कागदांशी ताडून बघा. एका नंबरच्या फरकाने उत्तर उलटं होतं.

तुम्हाला सांगितलेली चार वर्षं म्हणजे नव्याने आलेल्या रहिवाशांची प्रतीक्षा. पीआर, म्हणजे कायम रहिवास, मिळाल्यावर ऑस्ट्रेलियात घालवलेले 208 आठवडे मोजतात. 1993 मध्ये हीच मुदत 26 आठवड्यांची होती, 1997 मध्ये 104 झाली आणि 1 जानेवारी 2019 पासून मुख्य भत्त्यांसाठी 208. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, त्यामागचा विचार एकच: ज्याला आपण कौशल्य बघून निवडलं, त्याने सुरुवातीची वर्षं स्वतःच्या बळावर काढावीत. पॉइंटमध्ये तुमचं वय, इंग्रजी, अनुभव मोजला तेव्हाच हे गृहीत धरलेलं होतं. फक्त ते कुणी तोंडाने सांगत नाही. एजंट तर नाहीच नाही.

निर्वासित त्या चाळणीतून आलेले नसतात. त्यांना घेताना 'हा स्वतःचं भागवू शकेल का' असं विचारलेलंच नसतं, विचारलेलं असतं ते 'परत पाठवलं तर जगेल का'. म्हणून ही प्रतीक्षा त्यांना लागूच नाही. यात आजच्या सरकारचं औदार्य वगैरे काही नाही. ऑस्ट्रेलियाने 1954 मध्ये निर्वासितांविषयीचा 1951 चा करार स्वीकारला. त्याच्या कलम 23 आणि 24 मध्ये सार्वजनिक मदत आणि सामाजिक सुरक्षा याबाबत निर्वासिताला देशाच्या नागरिकासारखंच वागवायचं आहे. वृद्धांचं पेन्शन आणि अपंगत्वाचं पेन्शन यांना एरवी लागणारी दहा वर्षांच्या वास्तव्याची अटही त्यांना नाही. साठीत पोचलेला माणूस आणखी दहा वर्षं कशावर थांबणार?

पण 'तीन आठवड्यांत' हा शब्द मात्र मला खटकला. तुमच्या शेजाऱ्यांनी तीन आठवडे वाट बघितलेली नाही. दहा वर्षांहून जास्त बघितली आहे, फक्त ती तुम्हाला दिसली नाही.

2012 च्या ऑगस्टनंतर बोटीने आलेल्या बहुतेकांना ब्रिजिंग व्हिसा (निर्णय होईपर्यंत राहू देणारा तात्पुरता व्हिसा) मिळाला, त्यावर कामाची परवानगी नव्हती. दोन-दोन वर्षं हातपाय धडधाकट असून घरी बसायचं आणि सरकारी मदत म्हणून सेंटरलिंकच्या मूळ दराच्या 89 टक्के रक्कम घ्यायची, तीही सेंटरलिंककडून नाही, वेगळ्या योजनेतून. मग डिसेंबर 2014 मध्ये तात्पुरत्या संरक्षण व्हिशांचा कायदा आला: एक तीन वर्षांचा, टीपीव्ही म्हणजे 785, आणि दुसरा पाच वर्षांचा, शेव्ह म्हणजे 790. माणूस खरोखर निर्वासित आहे हे सरकारने तपासून मान्य केलं, आणि तरीही व्हिसा तात्पुरताच दिला. मुदत संपली की पुन्हा सिद्ध करा. या व्हिसावर जॉबसीकर नाही, मिळतो तो स्पेशल बेनिफिट, म्हणजे दुसरा कुठलाच भत्ता लागू नसलेल्यांसाठीची मदत. नाव मोठं आहे, पण त्या वर्षांत माझ्या लोकांच्या बाबतीत त्याचा हिशेब असा होता की रविवारी कुठे चार तास काम करून शंभर डॉलर कमावले, की पुढच्या पंधरवड्यातून शंभर डॉलर गेलेच. जॉबसीकरवर पंधरवड्याला पहिले 150 डॉलर कमावले तर भत्त्याला धक्का लागत नाही, त्यानंतरही डॉलरमागे काही सेंटच कापतात.

शेव्हची एक गंमत तुम्हाला सांगायलाच हवी. गंमत म्हणजे आपल्या अर्थाने नाही. पाच वर्षांतले 42 महिने शहराबाहेरच्या ठरलेल्या भागात काम केलं, आणि त्या काळात सरकारी भत्ता घेतला नाही, किंवा तिथे पूर्णवेळ शिक्षण घेतलं, तर दुसऱ्या एखाद्या व्हिसासाठी अर्ज करण्याची मुभा मिळायची. व्हिसा नाही, अर्ज करण्याची मुभा. माझ्याकडे एक माणूस यायचा, शेपर्टनच्या फळबागांमध्ये पेअर तोडायचा. त्याने सगळ्या पगाराच्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात महिन्यावार रबर लावून ठेवल्या होत्या. हिवाळ्यात काम नसलं तरी भत्त्याला हात लावायचा नाही. एका जुलैत त्याने भाड्यासाठी उसने घेतले, तेही ज्याच्याकडून घेतले तो स्वतः चिकनच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा. डब्यात 41 महिने झाले होते तेव्हा, 13 फेब्रुवारी 2023 ला, सरकारने जाहीर केलं की सप्टेंबर 2013 च्या आधी आलेल्या आणि टीपीव्ही किंवा शेव्ह असलेल्या सुमारे 19,000 लोकांना कायमचा व्हिसा मागता येईल: रेझोल्यूशन ऑफ स्टेटस, सबक्लास 851. महिन्यांची मोजणीच संपली. तो डबा घेऊन आला आणि म्हणाला, आता याचं काय करू? मी म्हटलं, पाच वर्षं ठेव, टॅक्सवाले विचारू शकतात. दोघं हसलो, पण त्याला ते झाकण लावता येईना, हात थरथरत होते.

तुमच्या शेजाऱ्यांना मिळालाय तो बहुधा हाच 851. त्याने त्यांना जॉबसीकर, पेन्शन, अपंगांसाठीची एनडीआयएस योजना मिळते, शिवाय विद्यापीठाच्या फीसाठी सरकारी कर्जही. पण ज्यांचा संरक्षणाचा दावा त्या काळात फेटाळला गेला ते या 19,000 मध्ये नव्हते. तसे काही हजार लोक अजून ब्रिजिंग व्हिसावर आहेत, दहा-बारा वर्षांनंतरही, आणि त्यांच्यातल्या अनेकांना एकही डॉलर मिळत नाही. एकाच बोटीतून उतरलेले दोन चुलतभाऊ माझ्या यादीत आहेत, एक या बाजूला, एक त्या.

मी कल्याणची. लहानपणी उल्हासनगरला, फाळणीतल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून झालेल्या गावात, मावशीकडे जायचे. तिथे रिक्षावाल्याला आजही 'कॅम्प नंबर 4' असंच सांगावं लागतं. 1949 मध्ये गाव झालं, तरी पत्ता छावणीचाच राहिला. इथे आले तेव्हा वाटलं होतं, निर्वासित ही काही वर्षांची अवस्था असते. नसते.

असो. तुमच्या घरचं आधी बघू, मग शेजाऱ्यांचं.

तुम्हाला जॉबसीकर नाही म्हणजे काहीच नाही असा अर्थ काढू नका. मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, पहिल्या दिवसापासून आहे. मूल पाळणाघरात असेल तर चाइल्डकेअर सबसिडीला ही प्रतीक्षा नाही. इथे आपली माणसं हमखास चुकतात. नवऱ्याचा पगार बंद झाला तरी सेंटरलिंककडे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाचा जुनाच अंदाज पडून असतो, आणि सबसिडी जुन्या पगारावर मिळत राहते. आज रात्री मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावर जाऊन तो आकडा बदला. मुलांसाठीच्या फॅमिली टॅक्स बेनिफिटची मुदत वेगळी मोजतात आणि ती व्हिसाच्या तारखेवर ठरते, तेही विचारा.

स्पेशल बेनिफिट तुमच्यासारख्यांनाही कधी कधी मिळतो, पण इथे आल्यानंतर तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने परिस्थिती मोठी बदलली असेल तरच. गंभीर आजार, जोडीदाराचा मृत्यू, घरातली मारहाण अशी कारणं. नुसते पैसे संपले किंवा काम मिळत नाही, एवढ्यावर सहसा नाकारतात. नोकरी कशी गेली यावर थोडंफार अवलंबून आहे. फोनवरच्या माणसाने 'नाही मिळणार' म्हटलं म्हणून फोन ठेवू नका. अर्ज करा, लेखी निर्णय मागा. निर्णय चुकीचा वाटला तर फेरतपासणी मागता येते. ती 13 आठवड्यांच्या आत मागितली तर निर्णय बदलल्यावर मागचे पैसेही मिळू शकतात. नंतर मागितली तर सहसा मागितल्या दिवसापासूनचेच. फोनवरचं 'नाही' हा निर्णय नसतो, त्याची फेरतपासणी होत नाही.

आता शेजारी. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण पैसे सुरू झाले म्हणजे काम झालं असं त्यांना वाटत असणार.

फॉर्मवर एक साधा प्रश्न असतो: विवाहित की अविवाहित. माझ्याकडच्या एका माणसाचं उदाहरण देते. 2015 मध्ये त्याने पहिला फॉर्म भरला तेव्हा मदत करणारा त्याच्याच खोलीतला पोरगा होता. पोराने विचारलं, तू इथे एकटाच राहतोस ना? हा म्हणाला, हो. पोराने 'सिंगल' वर खूण केली. बायको आणि तीन मुली पाकिस्तानात क्वेट्टाला होत्या. आठ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. मग कायमचा व्हिसा मिळाला, याने बायकोला आणायचा अर्ज केला, लग्नाची तारीख लिहिली 2006, आणि गृहखात्याचं पत्र आलं: सेंटरलिंकच्या नोंदीत तुम्ही अविवाहित आहात, खुलासा करा. खुलासा करता आला, पण त्यासाठी वकील लागला, क्वेट्टाच्या मशिदीतून दाखले आणावे लागले, सात महिने गेले. शिवाय सेंटरलिंकने जुन्या दराची फेरमोजणी काढली ती वेगळीच.

म्हणून शेजाऱ्यांना आधी हे विचारा: सेंटरलिंककडे तुमची नोंद काय आहे? बायको परदेशात असली तरी 'विवाहित' हेच खरं उत्तर. त्यांची परिस्थिती बघून एकट्याचा दर लावायचा की जोडप्याचा हे सेंटरलिंकला ठरवू द्या, त्यांना तसा अधिकार आहे. नोंद चुकीची असेल तर पत्नीचा अर्ज जाण्याआधी ती स्वतःहून दुरुस्त करून घ्या. स्वतःहून सांगितलेली चूक आणि पकडलेली चूक यात माझ्या अनुभवात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

लग्नाच्या तारखेचं आणखी एक महत्त्व आहे. निर्वासिताच्या कुटुंबालाही चार वर्षांची प्रतीक्षा माफ असते, पण निर्वासित ऑस्ट्रेलियात आला त्या वेळी जो त्याचा कुटुंबीय होता, त्यालाच. 2010 मध्ये लग्न करून 2012 मध्ये बोटीत चढला असेल तर बायको त्यात येते. 2019 मध्ये परवानगी काढून क्वेट्टाला जाऊन लग्न केलं असेल तर नवऱ्याची सूट तिला सहसा मिळत नाही, आणि ती आल्यावर पहिली काही वर्षं घर एकाच्याच उत्पन्नावर चालेल असं धरून बजेट करावं. ही गोष्ट ती आल्यानंतर कळणं फार वाईट. मी दोन घरांमध्ये ते बघितलंय. एकात बाई म्हणाली, तिकडे निदान माहेर तरी होतं.

साठवलेल्या पैशांबद्दलही त्यांना सांगा. निर्वासिताला नव्या रहिवाशाची प्रतीक्षा नाही, पण हातात रोकड असेल तर लागणारी वेगळी प्रतीक्षा सगळ्यांनाच आहे. एकट्याकडे 5,500 डॉलर, जोडपं किंवा मुलं असतील तर 11,000, याच्यावर बचत असेल तर जास्तीत जास्त 13 आठवडे भत्ता पुढे जातो. हजारा माणसाच्या खात्यात बचत असते ती बायकोमुलांच्या विमानाच्या तिकिटांची. त्यांना ते पैसे 'आपले' वाटत नाहीत, फॉर्मला मात्र ते त्यांचेच वाटतात. तसंच घरी पाठवलेले पैसे सेंटरलिंक उत्पन्नातून वजा करत नाही. भावाला दरमहा चारशे पाठवतो, म्हणून मी गरीब, हा हिशेब तिथे चालत नाही.

आणि प्रवास. कायमचा व्हिसा हातात पडला की पहिली गोष्ट म्हणजे तिकीट. दहा वर्षांनी बायकोचं तोंड बघायचं असतं, त्यात चूक काय? पण जॉबसीकर देशाबाहेर पाऊल टाकल्यावर सहसा बंद होतो. घरातली गंभीर आजारपणासारखी अडचण असेल तर आधी कळवून सहा आठवड्यांपर्यंत चालू राहू शकतो. न कळवता गेलं तर परत आल्यावर वसुलीची नोटीस दारात असते, कारण विमानतळावरची नोंद थेट सेंटरलिंकला जाते. जाऊ द्या त्यांना, पण आधी कळवायला लावा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, अंगाशी येईल का. सेंटरलिंकचे फॉर्म भरायला, पत्रं वाचून दाखवायला, फोनला शेजारी बसायला कुठलाही परवाना लागत नाही. खुशाल करा. व्हिसाच्या बाबतीत मात्र कायदा कडक आहे. कुठला व्हिसा मागावा, काय लिहावं, कुठला पुरावा जोडावा असा सल्ला नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकीलच देऊ शकतो. फुकट दिला तरी तुम्ही देऊ नये. त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं टाइप करणं किंवा भाषांतर करणं हा सल्ला नाही. त्यातही एखादं वाक्य 'असं लिहिलं तर बरं दिसेल' म्हणून बदलू नका. फूट्सक्रेला असायलम सीकर रिसोर्स सेंटर आहे, मेलबर्नमध्ये रेफ्युजी लीगल आहे, दोन्हीकडे फुकट कायदेशीर मदत मिळते, रांग मात्र मोठी. बायकोच्या अर्जाचे कागद तिकडे पाठवा.

दुभाष्याबद्दल: सेंटरलिंकच्या बहुभाषिक फोनला 131 202 वर दारीत किंवा हजारगीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. त्यांच्या मुलाला, पुतण्याला, ओळखीच्या कुणाला मध्ये बसवू नका. वरच्या उदाहरणात घोळ नेमका तिथेच झाला. तुम्हीही दुभाषा होऊ नका, तुम्ही फक्त ऐका आणि तारीख-वेळ व पावती क्रमांक वहीत लिहून ठेवा. ही वही पुढे उपयोगी पडते.

ते नागरिकत्वाबद्दलही विचारतील, सगळे विचारतात. चार वर्षं कायदेशीर वास्तव्य आणि त्यातलं शेवटचं एक वर्ष कायम रहिवासी म्हणून, असा नियम आहे. तात्पुरत्या व्हिसावरची वर्षं चारांत धरतात, म्हणून त्यांना 851 मिळाल्यापासून साधारण वर्षभराने अर्ज करता येतो. हक्काचा भत्ता घेतल्याने त्यात काही बिघडत नाही. या भीतीने दोन-दोन वर्षं उपाशी राहिलेले लोक मी बघितलेत, त्यामुळे हे त्यांना दोनदा सांगा. आधी गोड बोलून, आणि ऐकलं नाही तर दटावून.

मग त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आधी व्हिसा मंजुरीचं पत्र बघा: सबक्लास काय, तारीख काय. मग सेंटरलिंकची नोंद: लग्न, पत्ता, बँक. त्यानंतरच बायकोची फाइल. आणि तुमचा स्वतःचा उत्पन्नाचा अंदाज तुम्ही अजून बदलला नसेल, तर तो शेजारी जाण्याआधी बदला.